ग्राफिक कार्डाच्या आधी तिसरी पिन

परीक्षा आटोपल्या की आपल्या धंद्याचा हंगाम सुरू होतो. एप्रिलच्या मध्यापासून लॅमिंग्टन रोडवर बाप-लेकांच्या जोड्या दिसू लागतात. लेकाच्या मोबाइलमध्ये पार्टांची यादी, बापाच्या डोक्यात ठरवून आणलेला आकडा आणि दोघांच्या चेहऱ्यावर वाटेत झालेल्या वादाच्या खुणा. गेल्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो थेट ग्रँट रोडला येऊ लागल्याने दादर-प्रभादेवीकडचे गिऱ्हाईक दुपारच्या उन्हातही येते. यादीत पहिले नाव बहुधा ग्राफिक कार्डाचे असते.

तक्रार काय, असे विचारले की उत्तरे ठरलेली. गेम मधेच अडकतो. पिंग उडतो. आपण गोळी झाडायच्या आत समोरचा मारून मोकळा होतो. यांतल्या शेवटच्या दोन तक्रारींचा ग्राफिक कार्डाशी फारसा संबंध नसतो, पहिलीचाही नेहमीच असतो असे नाही. काउंटरमागे चार हंगाम काढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. तरीही कार्ड विकले जाते, कारण कार्डावर दोन पैसे सुटतात आणि निदानावर दमडीही सुटत नाही. आपण धंद्याची मांडणीच अशी करून ठेवली आहे, की खरे सांगणाऱ्या असेंबलरच्या हाती काही लागू नये. या महिन्यात त्याविषयी बोलायचे आहे.

मात्र आधी ज्या घरात ते यंत्र जाणार, तिथे जाऊन यावे लागेल. गिरगावातली चाळ घ्या, लालबागमधली घ्या, नाहीतर नायगावच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली घ्या. कॅबिनेट लाकडी कपाटाच्या खालच्या खणात कोंबलेले, मागची बाजू भिंतीला टेकलेली. वर देव्हारा, बाजूला शिलाई मशीन. यंत्र एकाचे नसतेच. सकाळी ताईचा ऑनलाइन क्लास, दुपारी आईची ऑर्डरींची वही एक्सेलमध्ये, रात्री नऊनंतर दोघे भाऊ आळीपाळीने व्हॅलोरंट. रात्री एकला धाकटा 'पुश, पुश' म्हणून ओरडतो आणि भिंतीपलीकडून काकांची थाप येते. अशा घराला खटखट वाजणारा ब्लू स्विचचा कीबोर्ड विकणारा दुकानदार शेजारधर्माला जागला, असे कुणी म्हणणार नाही. आवाज न करणारे स्विच आणि बरा माइक असलेला हेडसेट दिला, तर निम्मी भांडणे मिटतात.

आता वीज. इथे जरा थांबायला हवे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते इथेच. शहर भागाला वीज देणारी मुख्यतः बेस्ट. मीटरपर्यंतचा पुरवठा सहसा नीट असतो, घोळ असतो तो मीटरच्या पुढे. जुन्या चाळींतल्या कितीतरी खोल्यांत बोर्डावर तिसऱ्या पिनेचे भोक असते, पण त्याच्या मागे तार नसते. मुलगा अनवाणी बसून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावतो, त्याला झिणझिण्या येतात आणि तो म्हणतो, 'थोडा करंट मारतो, पण चालतं.' हा करंट येतो कुठून, ते आपल्या कारागिरांना तरी नेमके ठाऊक असावे. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह मिलिअँपिअरच्याही आतला, म्हणून माणूस दगावत नाही. पण चालू कॅबिनेटला चालू टीव्हीची एचडीएमआय वायर लावताना हाच फरक पोर्टमधून वाहतो आणि पोर्ट जातो. मग 'कार्डच खराब निघालं' म्हणून गिऱ्हाईक आपल्याच दारात उभे.

काही इलेक्ट्रिशियन यावर एक उपाय करतात. सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टर शांत होतो, गिऱ्हाईक खूश होते. जुन्या वायरिंगमध्ये कुठे न्यूट्रल सुटला, तर तोच पत्रा पूर्ण फेजवर जातो, आणि आता मधे कपॅसिटरही नसतो. असे सॉकेट दिसले तर मशीन लावू नका, घरच्या कर्त्या माणसाला बोलावून दाखवा. इमारतीच्या मीटर-खोलीत अर्थ आहे का, तिथून हिरवी तार खोलीपर्यंत आणता येते का, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनला विचारायला सांगा. वीस हजारांच्या कार्डाआधी या तारेचा खर्च करावा, हे सांगणारा माणूस त्या घराला दुसरा कोण भेटणार?

वॅटचेही तसेच. ७५० वॅटचा एसएमपीएस लावला की मीटर पळेल, असे वडिलांना वाटते आणि मुलाला वाटते की त्याशिवाय गेम चालणार नाही. दोघांनाही समजावता येते. आरटीएक्स ४०६० हे कार्ड भर जोरात ११५ वॅट खाते. चांगल्या बनावटीचा ५५० वॅटचा एसएमपीएस त्याला पुरून उरतो. नाव नसलेला '७५०' हा फक्त स्टिकरवरचा आकडा असतो.

लालबागला मशीन उघडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. एप्रिल-मे म्हणजे मसाल्यांचा मोसम. गल्लीत मिरची कांडली जात असते आणि पंख्याच्या जाळीवर तांबूस थर बसतो. त्यात उदबत्तीची काजळी आणि पुनर्विकासाच्या बांधकामांची धूळ. प्रोसेसर तापून वेग कमी करतो आणि मुलाला वाटते मशीन जुने झाले. ब्लोअर, ब्रश, नवी थर्मल पेस्ट, आणि कॅबिनेट खणातून बाहेर काढून मागे हातभर जागा. 'गेम अडकतो' ही तक्रार कित्येकदा एवढ्यावरच बंद होते. काम करताना तोंडाला रुमाल बांधावा, हा सल्ला अनुभवाचा आहे.

आता पिंगकडे. दादर-परळच्या मुलाला कळायला हवे की तो फार भाग्यवान जागी बसला आहे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. प्रभादेवीला काशिनाथ धुरू मार्गावर लोकमान्य विदेश संचार भवन आहे. पूर्वी ते विदेश संचार निगमचे होते, आता टाटा कम्युनिकेशन्सचे आहे. नेटवर्कवाले त्याला नुसते 'एलव्हीएसबी' म्हणतात. किती तरी कंपन्यांची जाळी त्या इमारतीत एकमेकांना जोडलेली आहेत. म्हणजे दादरच्या खोलीतून निघालेल्या पॅकेटला जगाच्या चव्हाट्यावर पोहोचायला फार तर दोन-तीन किलोमीटर जायचे असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा या अंतराला लागणारा वेळ मोजण्याच्याही लायकीचा नाही. याच हिशेबाने सिंगापूरच्या सर्व्हरवर मात्र जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंदांच्या आत कुणालाच येता येणार नाही, कारण सरळ रेषेतच ते अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास भरते आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. गिऱ्हाइकाला हे सांगितले की 'गेमिंग राउटर'च्या खोक्यावरची जाहिरात फिकी पडते.

मग मुंबईच्याच सर्व्हरवर पिंग ऐंशी का दिसतो? दारापासून टेबलापर्यंतच्या वीस फुटांमुळे. फायबर दाराच्या चौकटीवरून आत येते, राउटर तिथेच खिळ्याला टांगलेला असतो आणि तिथून पुढे सगळे वाय-फायवर. बीडीडी चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तीन चॅनेलांवर वीस राउटर बोलत असताना प्रत्येकाला गप्प बसून आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. वेग मोजणारे ॲप तरीही शंभर दाखवते, म्हणून कुणाला संशय येत नाही. पिंग मात्र दर दहा सेकंदांनी उसळी मारतो. निदान साधे आहे. आधी राउटरलाच पिंग करून बघा. तिथेच आकडा नाचत असेल तर सर्व्हिसवाल्याला फोन करून भांडण्यात अर्थ नाही. लॅन केबल टाका. ते जमतच नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर आणा. ती लहर भिंतीत अडते म्हणून तिला नावे ठेवतात, पण चाळीत शेजाऱ्याची लहर आपल्याकडे न येणे हा तिचा गुणच आहे.

केबल टाकताना तांब्याची टाका. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली कॅट-६ सर्रास मिळते, खोके उचलताच हलके लागते. ब्लेडने तार खरवडा, पांढरी दिसली की ठेवून द्या. ती क्रिम्पिंगला तुटते आणि गिरगावच्या खाऱ्या हवेत सांध्याशी लवकर खराब होते. वीस फुटांत वाचणारे पैसे एका फेरीच्या रिक्षाभाड्याइतकेही नसतात, असे म्हणालो असतो. पण माहीमच्या अलीकडे रिक्षा नाहीत, तेव्हा टॅक्सीभाडे म्हणू.

केबल टाकूनही रात्री ठरावीक वेळी लॅग येत असेल तर घरातली माणसे मोजा. ताईचा मोबाइल चार्जिंगला लागतो आणि दिवसभराचे फोटो वर चढवू लागतो. राउटर ती सगळी पॅकेटे रांगेत घेतो आणि धाकट्याच्या गोळीचे पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभे राहते. राउटरमध्ये रांग नीट लावणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा लाइनच्या वेगाच्या थोडी खाली बांधा. कुणाचे काहीही बंद न करता खेळ सुधारतो. सामायिक घरात हे महत्त्वाचे आहे, नाहीतर दर रात्री 'तुझा मोबाइल बंद कर' यावरून रामायण.

मशीनमधल्या गोष्टी मी भरभर सांगतो, कारण त्या वाचकांना पाठ आहेत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच पडून राहिलेला असतो. म्हणजे ७ मिलिसेकंदांनी दिसायचे ते चित्र जवळपास १७ नी दिसते, आणि 'समोरचा आधी मारतो'चे अर्धे उत्तर इथेच मिळते. मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डला लागलेली असते. रॅमच्या दोन काड्या शेजारच्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी बंद. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ वर गेलेल्या मुलाला व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूट मागते. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असली की तो घाबरून नवे मदरबोर्ड मागायला येतो. डेटा आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि डिस्क जीपीटी करून द्या. प्रत्येकाचे वेगळे खाते काढा, आईच्या खात्यावर पासवर्ड ठेवा. रॅमचे भाव गेल्या हिवाळ्यापासून कुठे गेलेत ते सांगायला नको. डेटा सेंटरांची मागणी इतकी, की मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा किरकोळ बाजारातला ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. अशा वर्षी आहे ती रॅम नीट चालवून देणारा कारागीर नवी रॅम विकणाऱ्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाचा.

वडिलांचा एक प्रश्न हल्ली हमखास येतो: 'यात पैसे तर लावत नाही ना हा?' ऑनलाइन खेळांच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्ट २०२५ला झाली. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळे स्थान दिले. एवढे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. मुलगा दिवसाचे किती तास बसतो हा प्रश्न आपला नाही, तो त्यांच्या घरचा. विचारल्याशिवाय त्यात पडू नये.

तर वर सांगितलेल्या कामांची बेरीज करा. अर्थिंग तपासणे, सफाई, वीस फूट केबल, राउटरची मांडणी, मॉनिटरची एक सेटिंग. दोन-अडीच तासांचे काम आणि विकलेला माल जवळजवळ शून्य. म्हणूनच ते कुणी करत नाही. एसी दुरुस्तीवाला जिना चढायच्या आधी व्हिजिटचे पैसे सांगतो, त्याला कुणी लुटारू म्हणत नाही. आपण मात्र 'बघून देतो, त्याचे काय घ्यायचे' म्हणत राहिलो आणि ते पैसे कार्डाच्या भावात लपवत आलो. आता कार्डाचा ऑनलाइन भाव गिऱ्हाइकाच्या खिशातच असतो, लपवायला जागा उरलेली नाही. तेव्हा तपासणीचे पैसे बिलावर वेगळ्या ओळीत लिहा, जाण्याआधी सांगा आणि माल दुसरीकडून घेतला तरी तेच घ्या. पहिले काही जण कुरकुरतील. 'नवे कार्ड नको, ही केबल बदला' असे ज्याला लेखी सांगितले, तो पुढच्या वर्षी भावाला घेऊन येतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी ही पद्धत धरली आहे, त्यांचे म्हणणे तरी असे आहे.

यंदा घाई करण्याला आणखी एक कारण आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ला नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरचे पुनर्वसनही सुरू आहे. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत येणारा माणूस पहिल्यांदा सुताराला बोलावतो, मग पीओपीवाल्याला, आणि सगळे झाल्यावर आपल्याला. तोवर भिंती बंद झालेल्या असतात. त्या भागातल्या सुतारांशी आणि इलेक्ट्रिशियनांशी आत्ताच ओळख करून घ्या. दारापासून मुलांच्या टेबलापर्यंत एक रिकामा पाइप ठेवायला सांगा, विजेच्या पाइपापासून वेगळा. तपासणीचे किती घेता आणि गिऱ्हाईक किती मुकाट्याने देते, हे आपापल्या भागाच्या नावासह १५ मेपर्यंत कार्यालयात कळवा. जूनच्या अंकात गिरगाव, दादर, परळ आणि लालबागच्या दरांचा तक्ता छापायचा आहे.