नकाशा नसलेला खेळ

‘पॅन्थिऑन : राइज ऑफ द फॉलन’ या खेळात नकाशा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात फिरणारी चकती नाही, ‘इकडे वळा’ म्हणणारा बाण नाही. वाट चुकली तर जवळच्या कड्यावर चढायचं, वरून चहूकडे बघायचं आणि ओढा कुठे, बुरूज कुठे याचा अंदाज घ्यायचा. कडे चढण्याची सोय मात्र भरपूर आहे. जवळपास कुठल्याही भिंतीला हात घालता येतो. हे सगळं कर्त्यांनी ठरवून केलंय. माणसाने हरवावं, मग दुसऱ्या माणसाला वाट विचारावी, त्यातून दोघांची ओळख व्हावी, असा हिशेब त्यामागे आहे.

खेळ अजून पुरा झालेला नाही. १३ डिसेंबर २०२४पासून तो स्टीमवर ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणून, म्हणजे अर्धवट असल्याचं सांगूनच विकला जातोय. आणि खेळाडूंनी काढलेले त्याचे नकाशे केव्हाचेच जालावर पडलेत. कुठला राक्षस कुठे उगवतो आणि मेल्यावर काय टाकतो, सगळं टिपलेलं. रखडलेला खेळ म्हणून पॅन्थिऑनची भरपूर चेष्टा झाली आहे, कारण त्याची घोषणा २०१४ सालची. मला त्या चेष्टेत फारसा रस नाही. ऑनलाइन दुनिया उभारायला दहा वर्षं लागली तर लागली. माझी तक्रार वेगळी आहे. ही दहा वर्षं उघड्यावर गेली, आणि या खेळाकडे विकण्यासारखी जी एकच गोष्ट होती ती त्यात संपत आली.

ती गोष्ट कोणती, हे कळायला ब्रॅड मॅक्वेडची कहाणी माहीत हवी. मॅक्वेड आणि त्याचा मित्र स्टीव्ह क्लोव्हर यांनी ‘वॉरविझर्ड’ नावाचा एक छोटा खेळ केला होता. तो पाहून जॉन स्मेडली यांनी १९९६ साली दोघांना सोनीच्या कंपनीत घेतलं. त्यातून १६ मार्च १९९९ला ‘एव्हरक्वेस्ट’ आला. त्याआधी ‘मड’ नावाचे निव्वळ अक्षरांवर चालणारे सामूहिक खेळ होते. मॅक्वेड त्यांतलाच मुरलेला गडी. अक्षरांतली ती दुनिया त्याने त्रिमितीत आणली आणि तिच्या खोड्या तशाच ठेवल्या.

त्या खोड्या जरा जवळून बघण्यासारख्या आहेत. तुम्ही मेलात की दूर कुठेतरी जवळजवळ उघडेच उठायचात. तलवार, चिलखत, सगळं प्रेतापाशी पडलेलं. ते आणायला परत त्याच गुहेत जायचं, ज्याने मारलं त्याच्याच दारातून. ठरावीक मुदतीत पोहोचला नाहीत तर प्रेत सामानासकट नाहीसं. शिवाय मरण्याची शिक्षा म्हणून कमावलेला अनुभवही कापला जायचा, कधी कधी एक लेव्हल खाली घसरायची. कुणी नेक्रोमॅन्सर ओळखीचा असेल तर तो प्रेत ओढून आणून द्यायचा, म्हणून नेक्रोमॅन्सरशी गोड बोलून राहावं लागे. मंत्र टाकणाऱ्याची शक्ती संपली की त्याने खाली बसून पोथी उघडायची. ही पोथी पस्तिसाव्या लेव्हलपर्यंत अख्खा पडदा व्यापायची, त्यामुळे मागून कोण येतंय ते दिसायचंच नाही. पहारा सोबत्यांनी द्यायचा. तोवर करायचं काय? गप्पा. पळता पळता कुणी मागे राक्षसांची रांगच घेऊन आला तर तो ‘ट्रेन!’ म्हणून ओरडायचा आणि सगळे दरवाजाकडे धावायचे. बाजार म्हणावा तर ईस्ट कॉमनलँड्समधला एक बोगदा. तिथे लोक आपण होऊन जमायचे आणि माल पुकारून विकायचे. बाजार तिथे भरवा असं कुणी सांगितलं नव्हतं.

या छळाला ऐन भरात चार लाखांवर लोक दर महिन्याला पैसे देत होते. मॅक्वेडचं म्हणणं होतं की हा छळ हाच खेळाचा आत्मा. खेळाडू कुरकुरत त्याला ‘द व्हिजन’ म्हणायचे, अर्थात टोमण्याच्या सुरात. २००४च्या अखेरीस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. मेल्यावर सामान अंगावरच राहतं आणि एकट्यालाही खेळता येतं, हे लोकांना कळलं आणि बहुतेकांनी तिकडची वाट धरली.

मॅक्वेडने हार मानली नाही. २००२ साली त्याने सिजिल नावाची स्वतःची कंपनी काढली होती. तिचा ‘व्हॅनगार्ड’ ३० जानेवारी २००७ला आला. मुहूर्त असा की ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा पहिला मोठा विस्तार दोनच आठवडे आधी दुकानात लागला होता. व्हॅनगार्ड अडखळत चालत होता, चांगल्या चांगल्या संगणकांना धाप लावत होता. मे महिन्यात सिजिलच्या कर्मचाऱ्यांना पार्किंगमध्ये बोलावून नोकरी गेल्याचं सांगण्यात आलं. खेळ सोनीने घेतला आणि सात वर्षं ओढला. तो बंद करणार अशी घोषणा जानेवारी २०१४मध्ये झाली, आणि नेमक्या त्याच महिन्यात मॅक्वेड पॅन्थिऑनसाठी लोकवर्गणी मागत होता.

किकस्टार्टरवर आठ लाख डॉलर मागितले होते. तिथला नियम असा की उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाच्याच खात्यातून पैसे जात नाहीत. निम्म्याच्या थोडं पुढे आकडा गेला आणि मुदत संपली, हाती शून्य. मग स्वतःच्या संकेतस्थळावर वर्गणी सुरू झाली, बराच काळ लोकांनी बिनपगारी काम केलं, पुढे थोडेफार गुंतवणूकदार मिळाले. १८ नोव्हेंबर २०१९ला मॅक्वेड वारला. वय पन्नास. एव्हरक्वेस्टमध्ये तो अ‍ॅराड्यून या नावाने वावरायचा. पुढच्या वर्षी एव्हरक्वेस्टच्या एका नव्या सर्व्हरला तेच नाव दिलं गेलं. पॅन्थिऑनचं काम ख्रिस रोवन आणि मंडळींनी पुढे नेलं.

आता उशिराबद्दल. असे खेळ रखडतात त्यात आळस कमी आणि गणित जास्त. एका मैदानात शंभर खेळाडू असतील तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या सगळ्यांना कळवावी लागते. म्हणजे साधारण दहा हजार निरोप, तेही सेकंदाला अनेकदा. पाचशे झाले की अडीच लाख. माणसं पाचपट, ओझं पंचवीसपट. शेकडो लोकांची एकाच मैदानात लढाई झालीच पाहिजे या हट्टापायी मार्क जेकब्स यांच्या ‘कॅमलॉट अनचेन्ड’ने स्वतःचं इंजिन लिहायला घेतलं. २०१३मध्ये किकस्टार्टरवर बावीस लाख डॉलर जमले होते आणि खेळ डिसेंबर २०१५ला देऊ असं कबूल केलं होतं. बीटाची पहिली पायरीच २०१८च्या जुलै अखेरीस आली. २०२०मध्ये त्याच कंपनीने ‘फायनल स्टँड : रॅग्नारोक’ हा दुसराच खेळ जाहीर केला तेव्हा वर्गणीदारांचा जो भडका उडाला त्याला भडका म्हणणंही सौम्य. त्यात आणखी एक अडचण अशी की चार प्रोग्रामर खोलीत बसून गर्दीची चाचणी घेऊ शकत नाहीत. अर्थव्यवस्था बिघडते कुठे, रांगा लागतात कुठे, हे हजार माणसं आत सोडल्याशिवाय कळतच नाही.

माणसं आत सोडावी लागतात ती पैशासाठीही. ज्या कंपनीमागे मोठा प्रकाशक नाही तिने पुढच्या वर्षीचा पगार आणायचा कुठून? चाचणीत येण्याचा हक्क विकायचा. पॅन्थिऑनमध्ये हजार डॉलर भरणाऱ्याला अगदी सुरुवातीच्या प्री-अल्फात प्रवेश होता. दर काही आठवड्यांनी नवा प्रदेश, नवा राक्षस, नवी गुहा लाइव्ह प्रक्षेपणात दाखवायची, म्हणजे वर्गणीचा ओघ आटत नाही. आपल्याकडे यावर कुणालाही ताबा न मिळालेला फ्लॅट आठवेल. पण फ्लॅटवाला बिचारा भाड्याच्या खोलीत राहून वाट बघतो. इथे पैसे भरणारा अर्धवट बांधकामातच मुक्काम ठोकून असतो, आणि घर पुरं होईपर्यंत त्याला त्याचं काडीचं अप्रूप उरत नाही.

माझ्या मते पॅन्थिऑनच्या पायावर धोंडा इथे पडला. एव्हरक्वेस्ट अवघड होता तो निव्वळ नियमांमुळे नव्हे. तो अवघड होता कारण कुणालाच काही माहीत नव्हतं. पुढच्या वळणावर काय आहे हे विचारायला माणूसच गाठावा लागे, आणि ज्याला माहीत असे त्याला सर्व्हरवर मान असे. नकाशे तेव्हाही निघाले, लोक त्यांचे प्रिंट काढून कीबोर्डशेजारी ठेवायचे, हे खरं. पण ते खेळ सुरू झाल्यावर हिंडणाऱ्यांनी एकेक प्रदेश करत काढले होते. चाचणीही तेव्हा झाली होती, फक्त ती दहा वर्षं चालली नव्हती.

अज्ञान काढून घेतलं की काय उरतं, याचा प्रयोग ऑगस्ट २०१९मध्ये जगजाहीर झाला. ब्लिझर्डने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा उघडली. ‘मोल्टन कोअर’मधल्या रॅग्नारोसला पाडायला मूळ खेळात महिने लागले होते. क्लासिकमध्ये तो आठवड्याच्या आत पडला. राक्षस तोच, गुहा तीच. बदलली होती ती माणसं. त्यांच्याकडे पंधरा वर्षांचा अभ्यास होता. तो गृहपाठाचा तास होता आणि पोरं गाईड पाठ करून आली होती.

यावर एक उत्तर मिळतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. चाहत्यांनी चालवलेला ‘प्रोजेक्ट १९९९’ २००९पासून जुना एव्हरक्वेस्ट जसाच्या तसा, फुकट खेळायला देतो. मूळ खेळाच्या मालकांनी २०१५मध्ये त्याला रीतसर मान्यताही दिली. तिथे कुणालाच काही नवीन नाही, तरी गर्दी आहे. म्हणजे ओळखीच्या दुनियेतही माणसं रमतात. रमतात हे कबूल. पण मग ज्याला जुनाच एव्हरक्वेस्ट हवाय तो तिथे जाईल, पैसेही वाचतील. पॅन्थिऑनला पैसे मागायचे तर त्याच्याकडे नवं, न बघितलेलं काहीतरी असायला हवं. तेच तर तो वर्षानुवर्षं नमुना म्हणून वाटत बसला.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटला तर त्यात नवल नाही. १९९९ साली आपल्याकडे इंटरनेट म्हणजे व्हीएसएनएल आणि मिनिटागणिक चढणारं फोनचं बिल. दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे कापणारा खेळ कोण घेणार? आपली पिढी सायबर कॅफेत तासावर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळली आणि मग थेट मोबाइलवर गेली. मधला हा अध्याय इथे घडलाच नाही. त्याचा एक फायदाही आहे. पॅन्थिऑनची लढाई इतकी सावकाश चालते की अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जायला-यायला दोनशेहून जास्त मिलिसेकंद लागले तरी पुण्यात बसून भागतं. बंदुकांच्या खेळात तेवढ्या वेळात तुम्ही दोनदा मेलेले असता.

आणि पॅन्थिऑन वाईट खेळ आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. एकट्याने गेलात तर साधा लांडगाही घाम काढतो. चौघे जमलात, त्यांतला एक मार झेलणारा, एक जखमा भरणारा, की तीच जागा जमून येते. रात्री अंधार पडतो तो खरोखरचा अंधार. मॅक्वेडचा मूळ विचार, की माणसाला माणसाची गरज लागली तरच ओळखी होतात, तो तिथे अजून शाबूत आहे. मधल्या काळात तो सुटतो की काय अशी वेळ आली होती. २०२३च्या अखेरीस मंडळींनी लूट गोळा करून निसटायचा एक निराळाच मोड काढला. वर्गणीदारांनी इतका आरडाओरडा केला की तो मागे घ्यावा लागला. त्या वेळी आरडाओरडा करणारे बरोबर होते.

सुमारे चाळीस डॉलरला मिळणारा हा खेळ आज घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच : आज जेवढा आहे तेवढा चाळीस डॉलरचा वाटत असेल तर घ्या. पुढे काय काय येणार आहे, त्याची यादी वाचून घेऊ नका. तशी यादी ‘कॅमलॉट अनचेन्ड’चीही होती.

कर्त्यांना मात्र एक सुचवावंसं वाटतं. अजून प्रदेश यायचे आहेत, गुहा यायच्या आहेत. त्यांतला एखादा मोठा प्रदेश कुणालाही न दाखवता तयार करा. प्रक्षेपण नको, चाचणीसाठी आमंत्रण नको, ‘पडद्यामागे डोकावून पाहा’ नको. एका शुक्रवारी रात्री गुपचूप दरवाजा उघडा आणि घरी जा. सोमवारी सकाळी तिथे शंभर बग सापडतील, कुणीतरी भिंतीत अडकलेलं असेल, एखादा राक्षस जमिनीखाली उगवत असेल. हजार डॉलर भरलेले वर्गणीदार विचारतील की हे आम्हाला आधी का नाही दाखवलं. त्यांना राग येईल, काही जण पैसे परत मागतील. ते सोसायला तेवढी शिल्लक कंपनीपाशी आहे का, यावर हे होणार की नाही ते ठरेल.