एका रात्रीचे अजिंक्यपद

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून वन्यप्राणी मोजण्याची जी प्रथा वनखात्याने वर्षानुवर्षे चालविली, आणि जी आता प्रगणनेचा आव सोडून ‘निसर्गानुभव’ एवढ्या नम्र नावाने उरली आहे, तिच्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी मी व माझे एक स्नेही पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्याच्या अरण्यात शिरलो. स्नेही महसूल खात्यात हयात घालवून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे कोणत्याही वादात प्रतिपक्षाची कैफियत पुरती ऐकून घेण्याआधीच फैसला लिहून मोकळे होण्याची त्यांची खोड अद्याप गेलेली नाही. त्या रात्री आम्हांस चार गवे दिसले, सांबरांचा एक कळप दिसला, पहाटेच्या धूसर प्रकाशात रानकुत्र्यांची एक टोळी पाण्यापर्यंत येऊन काही न पिताच परतली. वाघ मात्र आला नाही. पलीकडच्या पाणवठ्यावरील मचाणात बसलेल्या गोंदियाच्या एका व्यापारी गृहस्थांना तो दोनदा दिसला.

सकाळी चहाच्या वेळी त्या गृहस्थांनी नागझिरा वाघांनी गजबजलेला आहे असे जाहीर केले, आणि आमच्या स्नेह्यांनी तितक्याच ठामपणे येथील वाघ संपुष्टात आल्याचा निर्वाळा दिला. दोघांचाही पुरावा एकाच रात्रीचा होता. किटलीतला चहा ओतणारा वनरक्षक हे सारे ऐकून घेऊन एवढेच म्हणाला, “एका रातीत काय समजते जी?”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, आणि ज्या वादाशी त्याचा वरवर पाहता काडीचाही संबंध नाही, अशा एका वादात ते मला वारंवार आठवत राहिले. स्नेह्यांचा नातू नागपुरास बास्केटबॉल खेळतो. अमेरिकेतील व्यावसायिक संघांचे सामने तेथे रात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे पाच-सहाच्या सुमारास होत असल्यामुळे, तो ब्राह्ममुहूर्तावर उठतो ते अभ्यासासाठी नव्हे, ही आजोबांची मूळ तक्रार. परंतु तक्रारीला तत्त्वज्ञानाची झूल चढविल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. त्यांचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर असा: ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक संघाने ८२ सामने खेळायचे, त्यानंतर बाद फेऱ्या, त्याही एकेका सामन्याच्या नव्हेत तर सात-सात सामन्यांच्या, आणि शेवटी जून महिन्यात अजिंक्यपदासाठी पुन्हा सात सामन्यांची मालिका, हा खेळ नसून तिकिटे खपविण्याची दुकानदारी होय. जो श्रेष्ठ आहे त्याने एकदाच समोर यावे आणि जिंकून दाखवावे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, कबड्डीचे रात्रकालीन सामने होतात, उजाडण्यापूर्वी निकाल लागून ढाल कोणाच्या गावी गेली हे साऱ्या पंचक्रोशीस कळते. कोणी सात वेळा खेळून दाखवा म्हणत नाही. खेळाचा प्राण उत्कंठा, आणि उत्कंठा एकाच रात्रीत मावते.

यातील दुकानदारीचा आरोप मी नाकारीत नाही. सामने वाढले की गल्ला वाढतो, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. परंतु तराजू वाण्याचा आहे म्हणून त्यातील वजन खोटे ठरत नाही. शिवाय, व्यापाराचाच वास ज्यांना सहन होत नाही त्यांनी जरा उलट बाजूसही नाक वळवावे. आपल्या देशात गेल्या दहा-बारा वर्षांत भांडवलदारांनी उभारलेल्या खेळांच्या ज्या साखळी स्पर्धा चालतात, त्यांचा अंतिम निकाल एकाच रात्रीत लावण्याचा आग्रह कोणाचा? दूरचित्रवाणीला एक झगझगीत रात्र हवी असते. त्या रात्रीच्या जाहिरातींचा भाव वेगळा असतो. एका रात्रीचा अंतिम सामना हा साधेपणाचा अवशेष नसून तीही एक विक्रीच होय.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे वळू. एक सामना काय सांगतो? याचे उत्तर शोधण्यास अमेरिकेला जावे लागत नाही, मुंबईच्या वरळीपर्यंत गेले तरी पुरे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ या लागोपाठच्या दोन दिवशी तेथील एनएससीआय डोममध्ये एनबीएचे, म्हणजे त्याच अमेरिकी व्यावसायिक साखळीचे, दोन संघ, सॅक्रामेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स, हंगामपूर्व सामने खेळले. भारतात अशा दर्जाचे सामने होण्याचा तो पहिलाच प्रसंग. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळकरी मुलांचाच भरणा होता, आणि सॅक्रामेंटोचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले, मराठी आडनावाचे गृहस्थ असल्यामुळे आपल्याकडील पुष्कळांचे हृदय साहजिकच त्या बाजूस झुकले होते. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि इंडियानाने तो १३२-१३१ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. ज्याने तेवढाच पाहिला त्याने दोन्ही संघ तुल्यबळ आहेत अशी जबानी शपथेवर दिली असती. दुसऱ्या दिवशी तेच संघ, तेच मैदान, तेच पंचवीस-तीस तासांपूर्वीचे खेळाडू. निकाल १३०-१०६, म्हणजे चोवीस गुणांचे अंतर. यांपैकी खरी साक्ष कोणती? उत्तर त्या हंगामाने दिले: महासाथीने मोडतोड केलेल्या त्या वर्षी इंडियानाने ४५ सामने जिंकून २८ गमावले, आणि सॅक्रामेंटोने ३१ जिंकून ४१ गमावले. वरळीची पहिली रात्र म्हणजे वाघ न दिसलेले मचाण.

रणदिवे यांचेच उदाहरण पुढे नेतो, कारण येथे माझा युक्तिवाद माझ्याच पक्षपाताच्या विरुद्ध जातो, आणि वादी स्वतःच्या हिताविरुद्ध साक्ष देतो तेव्हा ती अधिक ग्राह्य मानावी असा आमच्या स्नेह्यांचाच दंडक आहे. संघाचा मालक होण्यापूर्वी रणदिवे यांनी आपल्या लेकीच्या, बारा वर्षांच्या मुलींच्या संघास बास्केटबॉल शिकविला होता. मुली उंच नव्हत्या, कसबीही नव्हत्या. म्हणून प्रतिस्पर्ध्यांना स्वतःच्या अर्ध्या भागातून चेंडू पुढे आणूच द्यायचा नाही, संपूर्ण मैदानभर त्यांना पहिल्या क्षणापासून घेरायचे, ही एक युक्ती त्यांनी योजिली, आणि तिच्या बळावर तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊन पोहोचला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये ही हकीकत लिहून दुबळ्याच्या विजयाचे ते एक सूत्रच ठरविले. सूत्र रम्य आहे. परंतु हेच रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटोचे धनी झाले तेव्हा बाद फेरीत प्रवेश मिळविण्यास त्यांना तब्बल दहा वर्षे लागली. तो संघ सलग सोळा हंगाम, म्हणजे एनबीएच्या इतिहासात सर्वांत दीर्घ काळ, त्या फेरीबाहेर राहिला होता. ज्या माणसाने युक्तीने सामने जिंकून दाखविले त्याला ८२ सामन्यांच्या दप्तरात ती युक्ती का चालविता आली नाही? कारण युक्ती पहिल्यांदा भेटणाऱ्यावर चालते. सातव्यांदा भेटणाऱ्याने तिची चिरफाड केलेली असते. त्याच्यापुढे विद्याच लागते.

आणि अखेर २०२३ मध्ये सॅक्रामेंटो बाद फेरीत आले तेव्हा काय झाले? ४८ विजय मिळवून ते आपल्या विभागात तिसरे होते. समोर सहाव्या क्रमांकाचे, पण जुने मुरलेले गोल्डन स्टेट वॉरियर्स. पहिला सामना सॅक्रामेंटोने १२६-१२३ असा जिंकला, दुसराही जिंकला. स्नेह्यांचा न्याय लावला असता तर तेथेच निशाण फडकले असते आणि मीही, मराठी आडनावाच्या मोहाने, पेढे वाटले असते. पुढचे तीन सामने वॉरियर्सनी घेतले, त्यांतील चौथा एका गुणाने. सहावा सॅक्रामेंटोने परत मिळविला. आणि सातव्यात, सॅक्रामेंटोच्याच अंगणात, स्टीफन करी याने एकट्याने पन्नास गुण करून १२०-१०० असा शेवट केला. मला वाईट वाटले. अन्याय झाला असे मात्र क्षणभरही वाटले नाही. सात वेळा समोरासमोर येऊन, एकमेकांची प्रत्येक चाल पाठ झाल्यावरही जो उरला, त्याच्या श्रेष्ठत्वाविरुद्ध अपील कोणत्या कचेरीत करणार?

येथे स्नेही आपले सर्वांत धारदार शस्त्र काढतात, आणि ते बोथट आहे असे मी म्हणणार नाही. २०१६ साली याच वॉरियर्सनी हंगामात ७३ सामने जिंकून केवळ ९ गमावले होते. अंतिम मालिकेतही ते ३-१ असे पुढे होते. आणि तरी क्लीव्हलंडने उरलेले तिन्ही सामने जिंकून अजिंक्यपद नेले, शेवटचा ९३-८९ असा. मग त्या ७३ विजयांच्या दस्तऐवजाचे काय झाले? माझे उत्तर असे की ते रद्द झाले नाहीत, पण त्यांनी कोणाचा हक्कही सिद्ध केला नाही. आणि क्लीव्हलंडने एकदा नव्हे तर लागोपाठ तीनदा, प्रतिपक्ष पूर्ण सावध असताना, ते करून दाखविले. एकदा घडते तो योगायोग. तीनदा घडते त्याला निराळे नाव द्यावे लागते.

याहून बोलका दाखला २०२५ चा. वरळीस आलेलाच तो इंडियानाचा संघ, आता सॅक्रामेंटोतून आलेल्या टायरीस हॅलिबर्टनच्या नेतृत्वाखाली, अंतिम मालिकेत पोहोचला. समोर ६८ विजयांचे ओक्लाहोमा सिटी. स्वतःचे विजय ५०. पहिल्या सामन्यात इंडियाना जवळजवळ अखेरपर्यंत पिछाडीवर. एका सेकंदाचा तीन-दशांश भाग उरला असता हॅलिबर्टनचा चेंडू जाळीतून गेला आणि १११-११० असा निकाल लागला. त्या सबंध सामन्यात इंडियाना आघाडीवर होते ते तेवढेच. पापणी लवण्याइतक्या या अवधीवर वर्षभराचे अजिंक्यपद लिहून द्यावे काय? मालिका सात सामन्यांपर्यंत गेली, आणि २२ जूनला ओक्लाहोमाने ती १०३-९१ अशी संपविली.

आपल्याकडे पाहा. प्रो कबड्डीत २०२४ पर्यंतच्या काही हंगामांत प्रत्येक संघाने साखळीत बावीस सामने खेळायचे, घाम गाळायचा, गुणतक्त्यात अग्रस्थान मिळवायचे. आणि नंतर सर्व काही चाळीस मिनिटांच्या एका सामन्यावर लावून द्यायचे. २०१९ साली दबंग दिल्ली साखळीत पहिली होती, अंतिम सामन्यात बंगालकडून ३९-३४ अशी हरली. पुढच्या हंगामात पाटणा पहिले होते. दिल्लीकडून ३७-३६ असे, एका गुणाने, हरले. २०२२ साली पुण्यात बालेवाडीस अल्टिमेट खो-खोचा पहिला अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध जिंकला तो ४६-४५ असा. २०२४ मध्ये पुणेरी पलटण साखळीतही पहिली आली आणि अंतिम सामनाही तिने २८-२५ असा जिंकला. ते अजिंक्यपद मी निर्विवाद मानतो, पण माझा पुरावा त्या तीन गुणांचा नाही, त्याआधीच्या बावीस सामन्यांचा आहे. माझी मागणी माफक आहे: सात नकोत, कबड्डीसारख्या अंग मोडणाऱ्या खेळात ते शक्यही नाही, पण अंतिम लढत निदान तीन सामन्यांची तरी असावी.

मंडईच्या ढालीबद्दल मला आदर आहे. परंतु मंडई हा उत्सव आहे. दंडार, नाटक, पाहुणेरावळे यांच्या जोडीने कबड्डी. तेथे हरलेले गाव पुढच्या वर्षी पुन्हा येते, आणि अशी वीस वर्षे लोटली की कोणत्या गावची मुले चिवट, हे पंचक्रोशीस आपोआप कळते. म्हणजे मालिका तेथेही आहेच. फक्त ती वीस वर्षांची आहे.

नागझिऱ्याचेही तेच. १९७० साली अभयारण्य झालेले आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडणारे हे अरण्य आज आपले वाघ मचाणावरून मोजीत नाही. वाटावाटांवर बसविलेले कॅमेरे आठवडेच्या आठवडे छायाचित्रे टिपतात, आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून, जे कोणत्याही दोन वाघांचे सारखे नसतात, एकेका जनावराची ओळख पटविली जाते. बुद्धपौर्णिमेची रात्र राहिली आहे ती आनंदासाठी, आणि आनंदासाठी ती राहावीच. योगायोग असा की येथील पर्यटनाचा हंगाम आणि बास्केटबॉलचा हंगाम दोन्ही साधारणपणे ऑक्टोबरात उघडतात व जूनमध्ये मिटतात.

एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे. २०२५ च्या २३ जूनच्या सकाळी, नातवासोबत मुकाट्याने सातवा सामना पाहिलेल्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला. पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेची शीर तुटली होती आणि तो पुन्हा मैदानात आला नाही. “अहो, तुमच्या न्यायालयात साक्षीदारच पंगू होऊन पडला की! आणि तो पडला कशाने? जवळजवळ शंभर सामने खेळून खेळून!” त्याच वसंतात टेटम व लिलार्ड या आणखी दोन नामांकितांच्या टाचेची तीच शीर तुटली होती, हे मला ठाऊक होते, मी ते सांगितले नाही. ८२ हा आकडा मोठा आहे, तो उतरविला तर न्यायास बाध न येता देह वाचतील, एवढे मी मान्य केले. त्यांनी विजयी स्वरात विचारले, पुढच्या बुद्धपौर्णिमेस मचाणावर येणार ना? मी म्हटले, येईन, पण सात रात्री बसू. वनखाते एकच रात्र देते, असे ते म्हणाले. आणि ते खरे आहे.