गंधाराची तार कुठे आहे?

भाजीवाल्याने कडू भोपळा गळ्यात मारला, तर गृहिणी दुसऱ्या दिवशी त्याचा चांगलाच समाचार घेते. मिरजेचे कारागीर मात्र तो मुद्दाम निवडून घेतात! तंबोरा कसा घडतो, हे दाखविणारा एक छोटा माहितीपट आमच्या जेसल पार्कातल्या बिऱ्हाडी नुकताच सहकुटुंब पाहिला. पंढरपूरच्या आसमंतात पिकलेले थोरले भोपळे, तुणीचे लाकूड, नक्षी कोरणारी बोटे—सारे कसे डोळे भरून पाहावे! युरोपात ल्यूट करताना लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून वाद्याचे पोट घडवितात. आपल्याकडे ते वेलीवरच वाढते.

या धंद्याचा उगमही मौजेचा आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तलवारीचे दिवस सरत चालले असता, मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब वाद्यांकडे वळले. धारेवरचा हात तारेवर बसला! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

चित्रपट संपला आणि गाणे शिकणारी आमची कन्या म्हणाली, "बाबा, तारा चारच. एक पंचमाची, दोन जोडाच्या, एक खर्जाची. मग गंधार ऐकू येतो तो कुठून?"

प्रश्न लाखमोलाचा! तो गंधार खर्जाच्या तारेतूनच उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खुलतो जवारीमुळे. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. मग तार माथ्याला हलकेच स्पर्श करीत झणकारते. किती घासायचे, हे कारागिराचा कानच सांगतो. कॅमेऱ्याला घासणारा हात दिसतो. थांबविणारा कान दिसत नाही.

आणि ही जवारी कायमची नसते. वाजवता वाजवता तारांचे घर घोडीत पडते आणि आवाज बोथट होतो. पुन्हा कारागिराचे पाय धरावे लागतात. गाणारा आणि घडविणारा यांची गाठ अशी जन्माची!

मोबाइलमधल्या तंबोऱ्याला ही कटकट नाही. भाईंदरच्या खाडीची दमट हवाही त्याला बाधत नाही. घाईच्या वेळी तो सोयीचाच. पण जे कधी बिघडत नाही, ते जुळवायलाही कोणी शिकत नाही. आणि बोथट आवाज खटकणारे कान उरले नाहीत, तर जवारी काढणाऱ्याकडे जाणार कोण? मानांकन नाव राखील. हात राखायला गिऱ्हाईकच हवे.

तेव्हा वाचकहो, घराच्या कोपऱ्यात आजीचा तंबोरा गवसणीत उभा असेल, तर फराळाचे डबे रिकामे होताच त्याची जवारी काढून घ्या. मग खर्ज छेडा आणि घरातल्या पोरांना विचारा, "गंधार कुठे आहे, शोधा पाहू!"