खर्च जनतेचा, मक्तेदारी भांडवलाची
आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०१४ साली त्रिमितीय छपाईने प्लास्टिकची पहिली वस्तू घडविली गेली. २०१६ साली एका अमेरिकी विद्यार्थ्याच्या आराखड्याबरहुकूम हत्यारही तेथे तयार झाले. अवकाशातील आण्विक ऑक्सिजन पॉलिमर झिजवितो. टिकाऊ पॉलिमरचा शोध विद्यापीठांतून विद्यार्थीही घेत आहेत. अशा संशोधनाचा मोठा भार करदाताच वाहतो. मात्र सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी घेण्याची मुभा १९८० च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठांना व लहान कंपन्यांना दिली. १९८३ साली रेगन सरकारने ती बड्या कंपन्यांनाही बहाल केली. खर्च जनतेचा, श्रम विद्यार्थ्यांचे, मक्तेदारी भांडवलाची : यालाच का खाजगी उपक्रमशीलता म्हणावयाचे? जनतेच्या पैशातून निपजलेले ज्ञान जनतेच्याच मालकीचे राहिले पाहिजे!