प्रतिज्ञा वारसाहक्काने मिळत नाही

गेल्या वर्षावासात देवळी तालुक्यातील एका गावी धम्मप्रवचनास गेलो असता एका नवदीक्षित गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन आपल्या घरची अडचण सांगितली. पाच वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब नागपूरच्या दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. त्या वेळी थोरली मुलगी तेरा वर्षांची होती. आज ती अठरा वर्षांची असून वर्ध्यास महाविद्यालयात शिकते. ती वडिलांस म्हणाली, "बाबा, बावीस प्रतिज्ञा तुम्ही समजून घेतल्या. मी तुमच्या मागे नुसती म्हणत होते. मग मी बौद्ध झाले ती कोणाच्या संमतीने?" ह्या प्रश्नाने ते गृहस्थ दुखावले होते. पोर हातची जाते की काय, अशी त्यांस धास्ती वाटत होती. आम्हांस मात्र तो प्रश्न ऐकून समाधान वाटले. कारण हाच प्रश्न ख्रिस्ती जगात पाचशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि तो विचारणाऱ्यांस त्याची किंमत प्राणाने द्यावी लागली होती. त्या लोकांची हकीकत आमच्या नवदीक्षित कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावी.

ता. २१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी फेलिक्स मान्झ याच्या आईच्या घरी काही माणसे जमली, आणि कोनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरोक यास बाप्तिस्मा दिला. ही सर्व मंडळी ख्रिस्ती घरांत जन्मलेली. रिवाजाप्रमाणे तान्हेपणीच त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. परंतु त्यांचे म्हणणे असे की, पाळण्यातल्या मुलास पाणी लावल्याने ते ख्रिस्ती होत नाही. ज्यास पाप, पश्चात्ताप आणि श्रद्धा यांचा अर्थ कळतो, त्याने स्वमुखाने मागितलेला बाप्तिस्मा तोच खरा. विरोधकांनी त्यांस 'पुनर्बाप्तिस्मावादी', म्हणजे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणारे, असे हिणवले. ते उत्तर देत की, पहिला बाप्तिस्मा मुळात झालाच नाही, तर हा दुसरा कसा?

एवढ्याशा मतभेदास देहांत शासन का असावे, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण असे की, त्या काळी चर्च आणि राज्य एकजीव होते. तान्ह्याचा बाप्तिस्मा हा धर्मविधी तर होताच, शिवाय ती त्या मुलाची त्या समाजात व राज्यात झालेली नोंदही होती. जन्माने धर्म ठरत नाही असे म्हणणे म्हणजे त्या साऱ्या व्यवस्थेचा पाया उपसणे होय. जन्मावर उभारलेली व्यवस्था अशा माणसास का भिते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. झुरिकच्या नगरसभेने बुडवून मारण्याची शिक्षा ठरविली आणि ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ यास लिमाट नदीत बुडविले. १५२९ साली श्पायर येथील साम्राज्यसभेने पुनर्बाप्तिस्म्यास सर्वत्र मृत्युदंड लागू केला व त्यासाठी प्राचीन रोमन साम्राज्याच्या कायद्याचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी लूथरपंथीयांनी ऑग्सबुर्ग येथे आपली श्रद्धा लेखी मांडली, तीतही ह्या लोकांचा नाव घेऊन निषेध केला. पोप आणि लूथर एकमेकांचे कट्टर वैरी. परंतु ह्या लहानशा पंथास धिक्कारण्याच्या कामी दोघांचे एकमत झाले. काल ज्याने बंड केले, तोच सत्तेच्या आश्रयास गेल्यावर दुसऱ्याच्या बंडास पाखंड म्हणतो, हा इतिहासाचा जुना धडा आहे.

ह्या पंथातील काहींनी १५३४ साली म्युन्स्टर शहर बळाने ताब्यात घेतले व तेथे अत्याचार केले. त्या एका कृत्यावरून पुढे कित्येक पिढ्या सगळ्यांचीच पारख होत राहिली. वास्तविक बहुसंख्य अनुयायी शस्त्राला शिवत नसत. १५३६ साली धर्मगुरूपद सोडून आलेल्या मेनो सिमन्स यांनी अशा शांतताप्रिय लोकांस एकत्र केले. त्यांच्या नावावरून ते मेनोनाइट म्हणून ओळखले जाऊ लागले. १६९३ साली याकोब आमान यांच्या अनुयायांनी वेगळी चूल मांडली, ते अमिश होत. वादाचे एक मुख्य कारण असे की, मंडळीतून काढलेल्या माणसाशी जेवणखाण व व्यवहारही तोडावा, असा आमान यांचा आग्रह होता.

आज अमेरिकेत अमिशांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. साधी एकरंगी वस्त्रे, घोडागाडी, घरात सार्वजनिक वीज न घेणे, सैन्यात न जाणे, शपथ न घेणे, शेजाऱ्याचे कोठार जळाले तर साऱ्या वस्तीने मिळून ते पुन्हा उभारणे, हे त्यांचे आचार. मेनोनाइटांपैकी बहुतेक लोक इतरांसारखेच राहतात. इतर ख्रिस्ती लोकांचे त्यांच्याविषयीचे आक्षेप तीन आहेत. पहिला असा की, आईचे प्रेम मुलास कळण्यापूर्वीच मिळते, तशीच देवाची कृपाही समज येण्यापूर्वी मिळते. मग बालकास बाप्तिस्मा का नाकारावा? दुसरा असा की, दुसऱ्याच्या तलवारीच्या छायेत राहून स्वतः तलवार न धरणे ही सोयीची शांतता आहे. तिसरा आक्षेप विशेषतः अमिशांवर आहे. टोपीची किनार आणि गाडीचे चाक यांचे नियम पाळता पाळता श्रद्धेची जागा नियमांनीच घेतली, असे त्यांचे टीकाकार म्हणतात. हे आक्षेप पोकळ नाहीत. तथापि छळाचे समर्थन त्यांतून होत नाही, हे अखेर छळणाऱ्यांच्या वारसांनीही मान्य केले. २००४ साली झुरिकच्या सुधारित चर्चने आणि २०१० साली श्टुटगार्ट येथे जागतिक लूथरन महासंघाने झाल्या गोष्टीची जाहीर कबुली दिली. लूथरन महासंघाने तर मेनोनाइटांची क्षमा मागितली. चूक कबूल करण्यास पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ लागला!

हे लोक आमच्यापासून फार दूरचे नाहीत. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या ज्या प्रांतात होता, त्याच प्रांतातील धमतरी येथे अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ साली आले. पाठोपाठ आलेल्या भीषण दुष्काळात त्यांनी अनाथ मुलांस आसरा दिला, पुढे कुष्ठरोग्यांची सेवा केली, इस्पितळ काढले. ती सेवा खरी होती. परंतु त्याच अनाथ मुलांतून तेथील मंडळी उभी राहिली. भाकर देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असेल, तर संमती कितपत मोकळी राहते, हा प्रश्न स्वेच्छेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या पंथासही टाळता येत नाही. मध्यप्रदेशाने १९६८ साली धर्मांतरविषयक कायदा केला. रायपूरच्या फादर स्टॅनिस्लॉस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो वैध ठरविला व धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असे सांगितले. ह्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. पण आमच्या धर्मांतरास कोणी आमिषाचे लांछन लावू लागला, तर त्यास एवढेच सांगावे: १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांस मिळाले काहीच नाही. उलट अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्राच्या सवलती गेल्या आणि त्या परत मिळण्यास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे तोटा सोसून जी प्रतिज्ञा टिकली, तिच्या स्वेच्छेस आणखी पुरावा कोणता हवा?

आता अमिशांच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सोळा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे होते. अमिश पालकांनी मुलांस आठवीनंतर शाळेत पाठविण्याचे नाकारले व त्यांस पाच डॉलर दंड झाला. अमिश स्वतः कोर्टकचेरी करीत नाहीत. त्यांच्या बचावासाठी समिती स्थापिली ती एका लूथरन धर्मोपदेशकाने, आणि त्यांची बाजू मांडली ती एका कॅथलिक वकिलाने. पूर्वजांनी ज्यांस बुडविले, त्यांच्यासाठी वंशज न्यायासनासमोर उभे राहिले, ही गोष्ट खरोखर गौरवाची आहे. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवून विचारले की, ह्यात मुलांचे मत काय? न्यायालयापुढे साक्ष झाली होती ती एकाच मुलीची.

आमच्या मते डग्लस यांचा प्रश्न हा १५२५ सालचाच प्रश्न होता. प्रतिज्ञा समजून घ्यावयाची, तर समज येण्याची वाट मोकळी हवी. ज्या मुलाने आठवीपुढे पुस्तक पाहिले नाही, त्याने विशीत घेतलेली प्रतिज्ञा कितपत स्वेच्छेची? अमिशांचे मूळ तत्त्वच त्यांच्या शाळेविरुद्ध साक्ष देते. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश होता. त्याचे कारण केवळ नोकरी नव्हते. न शिकलेल्याची 'होय' आणि 'नाही' दोन्हीही दुसऱ्याच्या मुठीत असतात.

बाबासाहेबांनी ह्या विषयाचा किती खोल विचार केला होता, हे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथावरून दिसते. भिक्खूस दीक्षाविधी होता, पण उपासकासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे लोक एकाच वेळी दोन दोन धर्म पाळीत राहिले, आणि भारतातून धम्म लोपण्याचे ते एक कारण ठरले, असे त्यांचे निदान होते. म्हणून त्यांनी नागपुरास बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुन्या बौद्धांपैकी काहींस हे रुचले नाही. कर्म व अहिंसा यांविषयीच्या बाबासाहेबांच्या विवेचनावरून महाबोधी सभेच्या नियतकालिकाने त्या ग्रंथास धोकादायक ठरविले. स्वधर्मीयांकडून असे शेरे ऐकण्याची पाळी केवळ मेनोनाइटांवर आली, असे नाही. अशा शेऱ्यांस उत्तर वादाने द्यावे, पण त्याहून अधिक आचरणाने द्यावे.

म्हणून आमच्या कुटुंबांस तीन गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. पहिली: बापाचे नाव गेले की सातबाऱ्यावर मुलाचे नाव वारसाने चढते, प्रतिज्ञा तशी चढत नाही. त्या प्रतिज्ञांतच नव्या जन्माची कबुली आहे, आणि कोणाचा नवा जन्म त्याच्या बापास घेता येत नाही. मुलगा वा मुलगी सज्ञान झाली की विहारात प्रतिज्ञा एकेक करून वाचाव्यात, त्यांवर प्रश्न विचारू द्यावेत आणि मग त्या तिने स्वतःच्या तोंडाने घ्याव्यात. दुसरी: कोर्टात साक्षीस उभे राहिल्यावर ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची सक्ती नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते व त्याचे मोल शपथेएवढेच असते. आमचे बंधू सवयीने देवाची शपथ घेऊन बाहेर येतात, हे आम्ही रोज पाहतो. तिसरी: जो अजून कचरतो, ज्याच्या घरी लग्नात जुना विधी झाला, त्यास वाळीत टाकू नये. अमिशांकडून शेजारधर्म घ्यावा, बहिष्कार घेऊ नये. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहेच. परंतु कायदा नसता तरीही, ज्यांच्या पूर्वजांनी पाणवठ्यावर बहिष्कार सोसला, त्यांच्या हातून तो घडणे ही शरमेची गोष्ट ठरली असती.

देवळीकडील त्या गृहस्थांस आम्ही इतकेच म्हणालो: "मुलगी धम्मापासून दूर जात नाही, ती धम्माच्या दारात उभी राहून आत काय आहे ते विचारते आहे. तिला पुस्तक द्या, वेळ द्या, आणि 'नाही' म्हणण्याची मुभाही द्या. त्या मुभेनंतर ती जे 'होय' म्हणेल, ते तुमच्या-आमच्या 'होय'पेक्षा पक्के असेल."