न आलेला रुग्ण

मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. लोकसंख्येच्या मानाने मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्यासोबत काम करणारे इतर किती असावेत, याचे आंतरराष्ट्रीय निकष गाठण्याचा प्रयत्न सरकारने दहा वर्षांत करावा, असे त्याचे ३१वे कलम सांगते. त्या मुदतीतला बराच काळ सरला. रिकाम्या जागांची चर्चा अधूनमधून होते आणि ती व्हायलाच हवी. पण भरलेल्या जागेवर बसणाऱ्या डॉक्टरला जिल्हा सांभाळायला कोणी शिकवले, हे कुणी विचारत नाही.

एम.डी.च्या तीन वर्षांत मनोविकारतज्ज्ञ समोर बसलेल्या माणसाला ओळखायला शिकतो. भास होतात का, झोप लागते का, मरणाचे विचार येतात का, कोणती गोळी किती मात्रेने सुरू करायची. हे शिक्षण अवघड आहे आणि मोलाचेही. मात्र २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की, विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. हा न आलेला रुग्ण त्या तीन वर्षांत फारसा भेटत नाही. तो पाड्यावर असतो, देवऋष्याच्या दारात असतो, दारूच्या गुत्त्यावर असतो, नाहीतर घराच्या मागच्या खोलीत कोंडलेला. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या जिल्ह्यात असे किती जण आहेत, हे तिथल्या तज्ज्ञालाच शोधावे लागणार. आणि तो तर ओपीडीतल्या रांगेतून मान वर काढू शकत नाही.

हे काम वेगळे आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी कळले होते. बंगळूरच्या निम्हान्सने १९८०च्या दशकात बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि आरोग्यसेवक यांनाच शिकवून तयार केले, मोजकी औषधे केंद्रातच ठेवली, साध्या नोंदी सुरू केल्या. त्या अनुभवावर १९९६ साली चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो देशातल्या साडेसातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. कार्यक्रम पसरला, पण बेल्लारीत राबणाऱ्यांच्या हाताला जे वळण होते ते सोबत पसरले नाही. सिव्हिलमधल्या तज्ज्ञाने मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका अशा चमूचे नेतृत्व करायचे असते. तालुक्याच्या केंद्रातला गोळ्यांचा साठा संपायच्या आत मागणी गेली की नाही ते पाहायचे, आशाताईंच्या बैठकीत नैराश्य म्हणजे काय ते त्यांच्या बोलीत सांगायचे, पोलीस पाटलापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांशी कायद्याच्या भाषेत बोलायचे, निधी वेळेत खर्ची घालायचा. यातले एकही काम रोगनिदानाच्या पुस्तकातून येत नाही. ते येत नाही म्हणून चांगला डॉक्टर वर्ष-दोन वर्षांत खचतो, आणि आपण त्याला खेड्यात जायला नको असते असे म्हणून मोकळे होतो. हा त्याच्यावर अन्याय आहे.

विदर्भातले उदाहरण तर घरचेच. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्यामागे समुपदेशक आणि त्यांच्याही मागे मनोविकारतज्ज्ञ, अशी ती साखळी होती. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या भागातली ही वाढ आहे. अशा साखळीत शेवटी उभ्या असलेल्या तज्ज्ञाला स्वतः तपासण्याइतकेच इतरांच्या कामावर प्रेमाने आणि काटेकोर लक्ष ठेवणे जमावे लागते.

असे शिक्षण देणारे अभ्यासक्रम जगात आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक मनोविकारशास्त्राची फेलोशिप १९८१ पासून चालते. निम्हान्समध्येही एम.डी.नंतर सामुदायिक मानसिक आरोग्याची फेलोशिप आहे, पण एका संस्थेवर सगळ्या देशाची भिस्त ठेवता येणार नाही. सर्व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्ह्यात काढावे लागतात. ती चांगली सुरुवात आहे, पण तीन महिन्यांत गावाची तोंडओळख होते, एवढेच.

महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. यांच्या आधारे एक वर्षाचा प्रगत अभ्यासक्रम उभा राहू शकतो, ज्यातले निदान सहा महिने एखाद्या तालुक्यात, प्रत्यक्ष जबाबदारी घेऊन काढायचे असतील. आधीच तज्ज्ञ कमी, त्यात वर्षभर त्यांना अडकवायचे कशाला, अशी हरकत येईल. तज्ज्ञ कमी आहेत म्हणूनच हे करायचे. एकटा डॉक्टर दिवसाला कितीही केसपेपर उलटले तरी जिल्हा संपणार नाही. त्याने तयार केलेली वीस केंद्रे त्याची बदली झाल्यावरही चालू राहतील. हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला जिल्हा कार्यक्रमाच्या पदासाठी प्राधान्य आणि वेतनवाढ मिळायला हवी. नाहीतर तो खासगी दवाखान्याच्या पाटीवरची आणखी एक ओळ होईल.

कायद्याने दिलेली दहा वर्षे मे २०२८ मध्ये पूर्ण होतात. सरकारने आणि विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षातच पहिली तुकडी सुरू करावी.