ओळख आणि अंगठा

मराठीत ‘ओळख’ या शब्दाचे दोन संसार आहेत. एक माणसामाणसांतला : आमची त्यांची जुनी ओळख आहे. दुसरा कागदोपत्री : ओळख पटणे, ओळख पटवणे. हा दुसरा प्रयोग वृत्तपत्रांत प्रामुख्याने बेवारस मृतदेहांच्या बातम्यांत भेटतो. आता जिवंत माणसालाही दरमहा आपली ओळख पटवावी लागते, आणि तीही यंत्रापुढे. या बदलाचे स्वागत करणाऱ्यांत आम्ही प्राध्यापक मंडळी आघाडीवर होतो, हेही नमूद केले पाहिजे.

२०१७-१८च्या सुमारास राज्यातील स्वस्त धान्य दुकानांत अंगठ्याची यंत्रे आली. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या गावचे दुकान डोळ्यांपुढे आणा. खुरपणीत आणि हळदकाढणीत जिचा जन्म गेला, तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा ठेवते, यंत्र नाकारते. पदराला पुसून पुन्हा ठेवते. दुकानदार तिला ती या गावात नांदायला आली तेव्हापासून ओळखतो. मागची सारी रांग ओळखते. पण या साक्षीला किंमत नाही. “मशीन घेईना, मावशी. उद्या या.”

या वाक्याचा कर्ता पाहा. ‘मी देत नाही’ असे दुकानदार म्हणाला असता तर त्याच्याशी भांडता आले असते, तहसिलीत तक्रार नेता आली असती. ‘मशीन घेईना’ म्हटल्यावर भांडणार कोणाशी? ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तर आज तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत संभाषण संपविण्याचे सर्वमान्य सूत्र झाले आहे. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे : ते माणसाला उत्तर देण्याच्या जबाबदारीतून सोडवते.

समर्थक म्हणतील, जुने दुकानदार काय संत होते? नव्हते. बनावट शिधापत्रिका होत्या, काळाबाजार होता, ओळखीच्यालाच साखर मिळे आणि वस्तीतल्या माणसाला हेलपाटे. त्या ‘ओळखी’चे गोडवे आम्ही गाणार नाही. पण अंगठा जुळला म्हणून माप पुरे पडते, असे थोडेच आहे? काटा मारणाऱ्याला त्या यंत्राची अडचण होत नाही. अडचण होते ती हक्काच्या माणसाची. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी पाच किलो धान्य हा हक्क ठरविला. मार्च २०१८मध्ये खुद्द आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की सरकारी सेवांत पडताळणी यशस्वी होण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. शंभरातले बारा प्रयत्न फसतात, असा त्याचा अर्थ. परीक्षेत ८८ गुण उत्तमच. पण ज्याचे धान्य राहिले त्याला त्यांचे काय?

पर्याय आहेत, हे आम्ही जाणतो. मोबाइलवर क्रमांक येतो, डोळ्याच्या बुबुळावरून पडताळणी होते. म्हणजे एका यंत्राने नाकारले तर दुसऱ्या यंत्राकडे जा!

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले. अंगठा सोडून सही करणे ही त्या काळात प्रतिष्ठेची गोष्ट होती. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती. तीन दशकांत आपण सही करणाऱ्यालाही पुन्हा अंगठ्यावर आणले, आणि त्याला प्रगती म्हटले.

नरसी आणि औंढा, दोन्ही याच जिल्ह्यात. औंढ्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे : नामदेवांना देवळापुढून उठवून मागे धाडले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या बाजूला आले. ती खरी की खोटी हा वाद असो. व्यवस्थेने माणसाकडे तोंड करावे, ही अपेक्षा या मातीत जुनी आहे एवढेच आम्हांस म्हणायचे आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक दुकानात एक वही ठेवावी. अंगठा जुळला नाही तर रांगेतल्या दोघांनी ‘आम्ही हिला ओळखतो’ असे लिहून सही करावी आणि धान्य त्याच दिवशी द्यावे. साक्ष खोटी निघाली तर सही करणाऱ्यांना जाब विचारावा. त्यांची नावे वहीत असतीलच.